कर्ता आणि उद्देश्य

इंग्रजी वाक्य अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह, हा प्रश्न मराठी शाळेत शिकलेल्याला सोपा वाटतो. कर्तरी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, हे समीकरण त्याच्याजवळ तयारच असते. पहिली विनंती हीच, की ते समीकरण काही काळ बाजूला ठेवावे.

‘मांजराने उंदीर मारला’ हे वाक्य घ्या. उंदराच्या जागी पाल आली की ‘मारला’चे ‘मारली’ होते. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणून प्रयोग कर्मणी. इंग्रजीत हाच आशय ‘द कॅट किल्ड द रॅट’ असा येतो, आणि ते वाक्य निखळ अ‍ॅक्टिव्ह असते. क्रियापद कोणाप्रमाणे चालते, हे आपला प्रयोगविचार पाहतो. उद्देश्याच्या जागी क्रिया करणारा बसला आहे की ती सोसणारा, हे इंग्रजीचा व्हॉइस पाहतो. ‘उंदीर मांजराकडून मारला गेला’ ही रचना मात्र पॅसिव्हच्या खरोखर जवळची; तिला आपल्याकडे नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६च्या व्याकरणापासून मो. के. दामले यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत मराठीत व्याकरणाचा कसून विचार झाला आहे. तो वाचलेल्या विद्यार्थ्याची नजर इंग्रजीकडे वळतानाही तयार असते, असे मला वाटते.

मग पॅसिव्ह ओळखायचे कसे? ‘वॉज’ दिसले की पॅसिव्ह, ही खूण फसवी आहे: ‘शी वॉज स्लीपिंग’ अ‍ॅक्टिव्ह आहे. ‘बाय’ही भरवशाचा नाही, ‘शी सॅट बाय द विंडो’मध्ये खिडकीने काहीच केलेले नाही. उलट ‘टू मेन अरेस्टेड’ या वृत्तपत्री मथळ्यात ‘वॉज’ नाही, ‘वेअर’ नाही, ‘बाय’ नाही, तरी तो पॅसिव्हच. दोन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात. क्रियापद पास्ट पार्टिसिपलच्या रूपात हवे आणि क्रिया उद्देश्यावर घडलेली हवी. ‘द बॉय रिसीव्ह्ड अ ब्लो’मध्ये मार मुलालाच बसला, पण रूप पॅसिव्हचे नाही. ‘ही हॅज गॉन’मध्ये पार्टिसिपल आहे, पण जाणारा तोच आहे.

इथे मोठमोठ्यांचीही गफलत झाली आहे. विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८च्या पुस्तिकेवर ई. बी. व्हाइट यांनी संस्कार केले आणि १९५९पासून ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ने अमेरिकेतल्या पिढ्यांना अ‍ॅक्टिव्ह लिहायला शिकवले. त्या नियमाखाली सुधारून दाखवलेल्या चार वाक्यांपैकी तीन मुळात पॅसिव्ह नव्हतीच, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. जॉर्ज ऑर्वेल यांनीही १९४६च्या निबंधात पॅसिव्ह टाळायला सांगितले, पण तो निबंध पॅसिव्ह वाक्यांनी भरलेला आहे. ती वाक्ये तिथे शोभतात, हे मी आग्रहाने सांगेन. ज्याची गोष्ट चालली आहे त्याला वाक्याच्या तोंडाशी ठेवायचे असेल, किंवा करणारा ठाऊकच नसेल, तर पॅसिव्हसारखा सोयीचा मार्ग नाही.

जबाबदारी झाकल्याचा आरोपही याच गोंधळातून येतो. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हणणारा चुका करणाऱ्याचे नाव लपवतो, हे खरे. पण ‘अ बस एक्स्प्लोडेड’ म्हणणाराही स्फोट घडवणाऱ्याचे नाव घेत नाही, आणि ते वाक्य अ‍ॅक्टिव्ह आहे. लपवाछपवी शोधायची तर व्हॉइसकडे नव्हे, कोणाचा उल्लेख गाळला त्याकडे पाहावे लागते.

काही वाक्ये मात्र रूपाकडे पाहून सुटत नाहीत. ‘द डोअर वॉज क्लोज्ड’ म्हणजे दार बंद होते की कोणी तरी बंद केले? पहिल्या अर्थी ‘क्लोज्ड’ विशेषण आहे, दुसऱ्या अर्थी वाक्य पॅसिव्ह. पुढे ‘अ‍ॅट नाइन बाय द वॉचमन’ जोडले की दुसरा अर्थ पक्का होतो. ‘ऑल डे’ जोडले की बहुधा पहिला. पुढल्या पानांतला विचार अशाच वाक्यांपासून सुरू होतो.