कागदाला बांधलेली फीत



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून कोणी मनाशी हसेल. हाताने केलेली शुभेच्छापत्रे, कागदाची फुले, पताका, बाशिंगे आणि त्यांना लावलेल्या फिती, गोंडे, जरीचे काठ हा तो विषय होय. हा शाळेतल्या मुलींचा फावल्या वेळचा उद्योग. त्यात इतिहास तो कसला? आमचे म्हणणे असे की, ज्या वस्तूला आपण क्षुल्लक म्हणून बाजूला सारतो तिच्यात आपल्या मुलखाचा मोठा हिशेब दडलेला असतो. कुरखेड्यासारख्या सती नदीकाठच्या, चहूकडे रान असलेल्या गावाच्या बाबतीत तर हा हिशेब अगदी घरचा आहे. कारण कागद ज्या बांबूपासून होतो तो आमच्याच रानात वाढतो.

तेव्हा आरंभ कागदापासूनच करू. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली आणि तिचे दौलताबाद केले. त्याच्या मागोमाग कागद करणारे कारागीर आले आणि खुलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात वसले, असे परंपरा सांगते. पुढे जुन्नर हेही कागदाचे मोठे ठाणे झाले. दौलताबादी आणि जुन्नरी ही नावे जुन्या दप्तरांत परिचयाची आहेत. हा कागद चिंध्या, जुने दोरखंड आणि ताग कुटून, त्यांचा लगदा पाण्यात कालवून, चाळणीसारख्या साच्यावर एकेक ताव उचलून होत असे. मग त्याला खळ द्यावयाची, वाळवावयाचे आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. एका तावामागे एवढी मेहनत असल्यामुळे कागद जपून वापरावा लागे, आणि जपून वापरावयाची वस्तू माणूस सजवितोच.

ही सजावट प्रथम दरबारात दिसते. राजेरजवाड्यांना जाणारे मानाचे पत्र सोन्याची कणी शिंपडलेल्या कागदावर लिहीत. ते किनखाबाच्या पिशवीत घालीत, पिशवीवर कधी मलमलीचे दुसरे आवरण असे, आणि तोंड रेशमी गोफाने बांधून त्याला लाखेची मोहोर लोंबती ठेवीत. हाच खलिता. त्यात काय लिहिले आहे हे वाचण्याआधीच किनखाब, गोफ आणि मोहोर पाहून भरलेल्या दरबाराला कळे की पत्र कोणत्या तोलाच्या माणसाने कोणत्या तोलाच्या माणसास पाठविले आहे. पेशव्यांच्या दप्तरातले साधे कागदही रुमालात गुंडाळून बांधलेले असत. कचेरीतल्या लाल फितीची आज आपण थट्टा करतो. पण कागदाला बांधलेली दोरी ही मुळात त्याच्या किमतीची खूण होती, हे ध्यानात ठेवावे.

आमच्या चांदा मुलखात हा कागद सामान्य माणसाच्या हाती फार उशिरा आला. १७५१ साली गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. तोवर रानातल्या माणसाचा लेखी कागदाशी संबंध आला असलाच तर तो वसुलीपुरता. हे चित्र पालटण्यास आरंभ झाला तो १ जुलै १८७९ रोजी. त्या दिवशी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. एका पैशात चार ओळी शेकडो कोसांवर जाऊ लागल्या. कार्ड तेवढेच, रंग तोच, छाप तीच; राजाला आणि रयतेला एकच. मग त्यात आपलेपण कसे आणावयाचे?

ते लोकांनी आपल्या रीतीने आणले. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागली. मृत्यूची वार्ता असेल तर कार्डाचा कोपरा फाडला गेला. ज्या घरात एकासही अक्षर येत नव्हते त्या घरातल्या आजीला पोस्टमनच्या हातातले कार्ड लांबूनच वाचता येई. पिवळा कोपरा दिसला की ती पोस्टमनला बसावयास सांगे आणि मुलाला मास्तरांकडे पिटाळी. फाटका कोपरा दिसला की कार्ड घरात न नेता ती दाराबाहेरच मटकन बसे. अक्षरे पुढे कोणीतरी वाचून दाखवी, पण खरे पत्र तिने आधीच वाचलेले असे. आमच्या विवेचनाचे सूत्र येथे आहे. कागदावरची सजावट ही ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांची लिपी होती. हौस त्यात होतीच, पण हौसेच्या पोटात निरोप होता.

हीच लिपी बाशिंगात अधिक ठळक दिसते. कागद किंवा पुठ्ठा कापून त्याच्यावर बेगड चिकटवावयाची, कडेने जरीची किनार द्यावयाची, मणी ओवावयाचे, दोन्ही बाजूंस गोंडे सोडावयाचे आणि मागे बांधावयास दोरा ठेवावयाचा. एवढे करणारा कारागीर एका दिवसापुरता शेतमजुराच्या पोराला राजा करीत असे. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आपण हसत म्हणतो, पण बाशिंग कपाळाला का बांधतात हे त्या म्हणीवरून उमगते. तो मुकुट आहे, आणि मुकुट बांधण्याचा हक्क त्या दिवशी गरिबालाही आहे. सोने परवडत नाही म्हणून बेगड आली. पण बेगडीने जे सांगावयाचे ते पुरेपूर सांगितले. आमच्या झाडीपट्टीत दंडार आणि नाटकाची हौस मोठी. वडशाच्या नाटक मंडळ्या दिवाळीपासून पुढे गावोगावच्या मंडईत खेळ लावतात. रंगभूमीवरच्या पौराणिक राजाचा मुकुट आणि मांडवातल्या नवरदेवाचे बाशिंग ही एकाच पुठ्ठ्याची आणि एकाच खळीची भावंडे होत.

आता थोडे सातासमुद्रांपलीकडे पाहू. शुभेच्छापत्राची चाल आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल याने नाताळची कार्डे छापून घेतली. चित्र हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराचे होते. त्याला पत्रे लिहावयास सवड नव्हती, म्हणून त्याने ही युक्ती काढली. म्हणजे छापील कार्डाचा जन्म वेळ वाचविण्यासाठी झाला. याच्या उलट टोकाची हकीकत अमेरिकेतल्या वूस्टर गावची आहे. तेथे एस्थर हाउलँड या तरुणीच्या हाती १८४७ च्या सुमारास इंग्लंडहून आलेले, जाळीदार कागदाने मढविलेले एक प्रेमपत्र पडले. तिच्या वडिलांचे कागदाचे दुकान होते. तिने जाळीचा कागद, रंगीत चित्रे, फिती आणि रेशमाचे तुकडे आणवून तशी कार्डे स्वतः करण्यास घेतली. मागणी वाढली तेव्हा घरातच बायका बसविल्या. एकीने कापावयाचे, दुसरीने मांडावयाचे, तिसरीने डकवावयाचे, अशी कामाची वाटणी केली आणि काही काम घरी करावयासही दिले. १८८१ साली तिने हा धंदा विकला. अमेरिकेत तिचे नाव आजही मानाने घेतात. मात्र तिच्या टेबलाभोवती बसून डकविणाऱ्या बायकांची नावे कोणाच्या ओठी नाहीत. हाताच्या कामात मोल कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

हाच प्रश्न घेऊन आता कुरखेड्यास परत येऊ. विसाव्या शतकात बांबूपासून यंत्राने कागद करण्याची विद्या या देशात रुजली. त्या धंद्याला संरक्षण देणारा कायदा १९२५ साली झाला. १९४५ साली बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. पुढे या जिल्ह्यांतल्या रानातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी, अल्प दराने कारखान्याकडे जाऊ लागला. रानातल्या माणसाला बांबू तोडण्याची मजुरी मिळाली. बांबू ट्रकमध्ये चढला, त्याचा कागद झाला, कागदाची वही झाली, आणि ती वही आठवडी बाजारात त्याच माणसाच्या पोराने पैसे देऊन विकत घेतली. या येण्याजाण्यात मोल वाढले ते सारे वाटेत वाढले. आमच्या अंगणात ते वाढले फक्त एका ठिकाणी: त्या वहीचे पान फाडून कोणी फूल केले, पताका कातरली किंवा राखी बांधली तेथे. त्या पानावर गावातल्या हाताचे जेवढे काम झाले तेवढेच मोल गावाचे.

याचा विचार आमच्या शेजारी वर्ध्यास फार पूर्वी झाला होता. १९३४ साली तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली जे उद्योग चालले त्यांत हातकागद होता. १९४० साली पुण्यास के. बी. जोशी यांनी हातकागदाची संस्था उभी केली. स्वतः गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटे उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. कोणी म्हणेल, की जेथे कागदाचा कपटा वाया घालवीत नसत तेथे फितींच्या नखऱ्यास कोठून जागा? आम्हांला यात विरोध दिसत नाही. कपटा जपणारा आणि कपटा सजविणारा हे दोघेही एकच गोष्ट मानतात, की कागद फुकटचा नाही आणि त्यामागे कोणाचे तरी हात आहेत. कागद चुरगळून फेकणारा मात्र त्या दोघांहून वेगळा. मूलोद्योगी शाळांतून सूतकताईच्या जोडीला कागदकाम आणि पुठ्ठेकाम शिकविले गेले, ते याच धोरणाने.

हातकागदाचा एक गुण येथे सांगावासा वाटतो. यंत्रातला कागद एकाच दिशेने वाहत येतो, म्हणून त्याचे तंतू एका दिशेला झुकतात. तो उभा सरळ फाटतो आणि आडवा वेडावाकडा. घडीही एका बाजूने नीट बसते, दुसऱ्या बाजूने तडकते. साच्यावर उचललेल्या हातकागदाचे तंतू चहूकडे पसरलेले असतात, म्हणून तो कोणत्याही बाजूने बऱ्यापैकी घडी घेतो. कार्ड करणाऱ्याने हे आधी पाहावे. घडी घातल्यावर चिंचोक्याची खळ पातळ लावावी, नाहीतर कागद सुरकुततो. फीत डकविण्यापेक्षा दोन चिरा पाडून त्यांतून ओवलेली बरी. ती सुटत नाही आणि पुन्हा वापरताही येते. चिंचोके, धावड्याचा डिंक, पळसाच्या फुलांचा केशरी रंग हे सारे आमच्या परिसरात आहे. बाहेरून आणावयाची ती फीत आणि जर एवढीच.

आता आजची स्थिती. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले. या जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार गावाच्या हाती आला. पुढे गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा त्या वाटेने गेल्या. ही गोष्ट लहान नव्हे. पण बांबू गावाचा झाला तरी तो कच्चाच विकला, तर मोल वाढण्याची जागा अजून गावाबाहेरच राहते. दुसरीकडे, लग्नाचे निमंत्रण आता फोनवर येते, बाशिंग तयार प्लॅस्टिकचे मिळते आणि पताका बंडलाने विकत येतात. हळदकुंकवाची बोटे लावावयास कार्डच उरलेले नाही.

फिती लावलेली कार्डे विकून कुरखेड्याचे दारिद्र्य हटेल, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे ही फसवणूक होईल. आम्ही एवढेच म्हणू की जी बाई शंभर कार्डे करते तिने आपल्या तासांचा हिशेब वहीत लिहावा आणि किंमत ठरविताना कागद, फीत, डिंक यांच्या आधी ते तास मांडावेत. जयपूरजवळच्या सांगानेरात कागदी समाजाने हातकागद टिकविला आणि त्याच्या वस्तू देशोदेशी पाठविल्या. हाताच्या कामाला गिऱ्हाईक नाही, ही सबब त्या उदाहरणापुढे टिकत नाही. आणि शहरातल्या गिऱ्हाइकानेही छापील कार्डाशी दराची तुलना करण्याआधी आठवावे, की ते कार्ड वेळ वाचविण्यासाठी जन्मले होते आणि हे कार्ड वेळ देण्यासाठी.

शेवटी एक गोष्ट सांगून आपली रजा घेतो. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यास युनिसेफची मदत पोहोचली. तिथल्या सात वर्षांच्या एका मुलीने आभाराचे चित्र काढले. कागद नव्हता, म्हणून तिने ते काचेवर रंगविले. उत्सवाच्या खांबाभोवती नाचणारी मुले त्यात होती. १९४९ साली ते चित्र युनिसेफच्या पहिल्या शुभेच्छापत्रावर छापले गेले आणि पुढे अशा कार्डांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहिला. तिच्याजवळ कागद नव्हता तरी सांगावयाचे होते. आमच्याकडे कागदाचे रान उभे आहे. येत्या लग्नसराईत घरातल्या मुलांना एक पत्रिका तरी हाताने करू द्या, तिच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट लावा, फितीची गाठ त्यांनाच मारू द्या. आणि ती गाठ सैल बसली तरी सोडवून पुन्हा बांधू नका.