ताफा, कार्यशाळा आणि प्रयोग : बेली डान्सच्या अभ्यासात पाऊल टाकताना

बेली डान्सचा अभ्यास करायचा म्हटले की वाचकाची नजर आधी कैरोकडे वळते. ते योग्यच आहे; ज्याला इजिप्तमध्ये रक्स शर्की म्हणतात, त्या रंगमंचीय नृत्याचे माहेर तेच. पण हे नृत्य जगभर कसे पसरले आणि आजही एकीकडून दुसरीकडे कसे जाते, हे समजून घ्यायचे असेल तर शनिवार-रविवारच्या एका साध्या दौऱ्याकडे पाहावे लागते. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या गावातला पाच-सात जणींचा ताफा, त्यात कुणी शिक्षिका, कुणी परिचारिका, कुणी बँकेत नोकरीला, असा गाडीत सामान कोंबून शेजारच्या शहरात जातो. सकाळी बाहेरून आलेल्या नामवंत नर्तिकेची कार्यशाळा, संध्याकाळी प्रयोग, दुसऱ्या दिवशी उरलेला वर्ग आणि रात्री परतीची वाट. अभ्यासकांनी या दौऱ्याकडे हौशी मंडळींची सहल म्हणून पाहिले आणि पुढे गेले. माझ्या मते या नृत्याची खरी शाळा तीच आहे, आणि या विषयात नव्याने येणाऱ्याने तिथूनच आत यावे.

शाळा म्हणण्याला कारण आहे. या नृत्याला अभिजात कलांसारखा विद्यापीठांचा किंवा सरकारी अकादमीचा आधार फारसा मिळाला नाही. ज्ञानाची ने-आण व्यक्तींनीच केली, आणि तिच्यामागे एक साधे अर्थकारण उभे राहिले. एखाद्या शहरातली शिक्षिका यजमान होते, पाहुण्या कलावतीचा प्रवासखर्च आणि मानधन अंगावर घेते, आणि आसपासच्या ताफ्यांच्या शुल्कातून ते भरून काढते. वर्गाच्या शुल्कावर भागत नाही, म्हणून संध्याकाळचा तिकीट लावलेला प्रयोग. प्रयोगाला गर्दी व्हावी, म्हणून आलेल्या ताफ्यांनाही रंगमंचावर दहा-पाच मिनिटे. दाराशी पोशाख, ओढण्या, नाण्यांचे कंबरपट्टे आणि ध्वनिफिती विकणाऱ्यांची रांग. कॅलिफोर्नियात 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून भरू लागलेला 'रक्कासा' महोत्सव म्हणजे याच नमुन्याचे भव्य रूप. वर्ग, बाजार आणि सलग चालणारे प्रयोग एकाच छताखाली आले, की विद्यार्थिनी, ग्राहक आणि कलावंत या तिन्ही भूमिका एकाच बाईला एकाच दिवसात कराव्या लागतात.

मागे वळून पाहिले तर या नृत्याचा इतिहास दौऱ्यांचाच दिसतो, फक्त ते नेहमी स्वखुशीचे नव्हते. 1834 मध्ये इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली पाशाने सार्वजनिक नर्तकींना कैरोतून हद्दपार केले आणि त्यांनी दक्षिणेकडच्या केना, इस्ना, अस्वान या गावांकडे बिऱ्हाडे हलवली. एडवर्ड लेनने 1836 साली प्रसिद्ध केलेल्या इजिप्शियन चालीरीतींवरच्या ग्रंथात गवाझी नर्तकी आणि घरंदाज बायकांच्या बैठकींत गाणाऱ्या अवालिम यांच्यातला फरक नोंदवला आहे. 1850 मध्ये फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव फ्लोबेर इस्नाला गेला आणि कुचुक हानेमचे नृत्य पाहून आला. नर्तकी राजधानीबाहेर घालवल्यावर पाहणारेच नाईलच्या उलट्या दिशेने तिच्यामागे गेले, आणि युरोपला जे इजिप्त वाचायला मिळाले ते या प्रवासाच्या लेखणीतून.

पुढचा टप्पा 1893च्या शिकागोतल्या जागतिक प्रदर्शनाचा. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्मपरिषद आपल्याला विवेकानंदांमुळे ठाऊक आहे. प्रदर्शनातल्या करमणुकीच्या पट्ट्यात 'कैरोतील रस्ता' उभारला होता आणि त्यात उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातले नाच दाखवले जात होते. या पट्ट्याची व्यवस्था सोल ब्लूम या तरुण व्यवस्थापकाकडे होती. 'लिटल इजिप्त' नावाच्या नर्तकीने तिथे धमाल उडवली ही कथा अमेरिकेत अजून सांगितली जाते, पण ती तिथे नाचल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नव्या अभ्यासकाने हा धडा लवकर गिरवावा. या क्षेत्रात दंतकथा पुराव्याच्या कित्येक कोस पुढे धावते; देवदासींच्या प्राचीन विधींपासून बाळंतपणाच्या व्यायामापर्यंत या नृत्याची उगमकथा जितक्या ठामपणे सांगितली जाते, तितके तिला तपासून घ्यावे.

विसाव्या शतकात कैरोने स्वतःचा रंगमंच उभा केला. बदिया मसाबनी हिने 1926 मध्ये तिथे आपले नृत्यगृह सुरू केले. तहिया कारियोका आणि सामिया गमाल या तिथूनच पुढे आल्या आणि इजिप्शियन सिनेमाने त्यांना अरबी बोलणाऱ्या घराघरांत नेले. 'ओरिएंटॅलिझम'चा लेखक एडवर्ड सैद याने 1990 मध्ये तहिया कारियोकावर एक हृद्य लेख लिहिला. किशोरवयात पाहिलेल्या तिच्या नृत्याचे मर्म त्याला भरमसाट हालचालीत दिसले नाही. जागच्या जागी, अगदी थोडक्यात बरेच काही सांगण्यात दिसले. कार्यशाळेत दोन दिवस घाम गाळणाऱ्या मुलींनी हा लेख वाचला तर त्यांचा निम्मा उत्साह योग्य दिशेला लागेल.

महमूद रेदाचे नाव याच मालिकेत घ्यायचे, पण वेगळ्या कारणासाठी. 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये इजिप्तकडून उतरलेला हा जिम्नॅस्ट. त्याने 1959 मध्ये लोकनृत्याचा ताफा स्थापला, प्रांतोप्रांती हिंडून नाच पाहिले आणि त्यांना रंगमंचासाठी नवी बांधणी दिली. उतारवयात तो देशोदेशी शिकवत फिरला, म्हणजे स्वतः कार्यशाळेचा गुरू झाला. त्याच्या ताफ्यातून आलेल्या राकिया हसनने 2000 मध्ये कैरोत 'अहलन व सहलन' महोत्सव सुरू केला आणि प्रवासाची दिशा उलटली. शिक्षक बाहेर जात होते, आता परदेशी ताफे कैरोला येऊ लागले. इजिप्तने काही काळ परदेशी नर्तिकांच्या कामावर बंदी घातली होती, ती 2004 मध्ये उठवली. यावरून या वाहतुकीचे वजन लक्षात यावे.

कार्यशाळेत नेमके काय शिकवले जाते? पहिला तास बहुधा कानांचा असतो. इजिप्तमध्ये तबला म्हणतात तो एकमुखी, चषकाच्या आकाराचा ढोल. मध्यावरचा घुमारेदार आघात दुम, काठावरचा करकरीत आघात तक. आठ मात्रांची चौकट घ्या. मकसूम असा वाजतो : दुम तक – तक दुम – तक –. दुसऱ्या मात्रेवरचा तक काढून तिथे दुम ठेवा, बलदी झाला. दुसरी मात्रा होती तशी ठेवून चौथीवर तेच करा, सईदी झाला. एका आघाताने गाव बदलते. सईदी ऐकला की नर्तिका हातात काठी घेते, कारण वरच्या इजिप्तमधल्या पुरुषांच्या तहतीब या काठीच्या खेळाशी त्याचे नाते आहे. तहतीबची युनेस्कोच्या वारशाच्या यादीत 2016 मध्ये नोंद झाली. बलदीत नितंबाचा झोल जड होतो आणि पाय जमीन सोडत नाहीत. ठेका न ओळखता केवळ हालचाली पाठ केलेली मुलगी संध्याकाळी लगेच उघडी पडते, कारण साजिंद्यांनी ठेका पालटला तरी तिचे शरीर जुन्याच गावात असते.

कार्यशाळेचा आणखी एक नियम अभ्यासकाच्या कामाचा आहे. बऱ्याच ठिकाणी वर्ग चालू असताना चित्रीकरण करू देत नाहीत. फार तर शेवटची काही मिनिटे मुभा मिळते. म्हणून वह्या. प्रत्येकीची स्वतःची लिपी असते : बाण, आकडे, 'उजवा आठ', 'खांदा दोनदा', समासात गाण्याचा शब्द. ताफा गावी परतला की या वह्या समोरासमोर ठेवून रचना पुन्हा उभी केली जाते आणि तिथे भांडणे होतात. संतांच्या अभंगांच्या हस्तलिखितांत पाठभेद कसे शिरले हे ज्यांनी अभ्यासले आहे, त्यांना इथे घरी आल्यासारखे वाटेल. एकाच गुरूची एकच रचना तीन शहरांत तीन प्रकारे नाचली जाते, आणि तीनही ताफे आपलीच प्रत मूळ मानतात.

पाठांतराचा हा प्रश्नच मोडीत काढणारी एक शाखा कॅलिफोर्नियात निघाली. सर्कशीत काम केलेल्या जमिला सलिमपूर यांनी 1968 मध्ये तिथल्या एका जत्रेत 'बाल अनात' हा ताफा उभा केला आणि हालचालींना नावे देऊन शिकवण्याची पद्धत बसवली. त्यांची शिष्या माशा आर्चर, तिची शिष्या कॅरोलिना नेरिशियो. नेरिशियोने 1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'फॅटचान्स बेली डान्स' सुरू केले. इथे रचना आधी ठरत नाही. ताफा किंचित डावीकडे वळून उभा राहतो, पुढची ती म्होरकी. तिचा हात ठराविक प्रकारे उठला की पुढची हालचाल कोणती हे मागच्यांना कळते. वर्तुळ धरले की म्होरकेपण दुसरीकडे जाऊ शकते. ही खुणांची भाषा येत असेल तर आयुष्यात प्रथमच भेटलेल्या चौघी संध्याकाळी एकत्र नाचू शकतात. दौऱ्यावर जगणाऱ्या कलेने दौऱ्यासाठीच घडवलेले हे व्याकरण आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

याच शाखेच्या अंगावर आपल्याकडच्या खुणा दिसतात. चोळी, घेरदार घागरा, आरसेकाम, जड चांदीचे दागिने : भारत, अफगाणिस्तान आणि उत्तर आफ्रिका एकाच शरीरावर. कुणाला हा सन्मान वाटतो, कुणाला सरमिसळ. अमेरिकेतल्या अरब लेखिका रँदा जर्रार यांनी 2014 मध्ये गोऱ्या बेली डान्सरांवर लिहिलेल्या परखड लेखाने हा वाद चांगलाच पेटवला. अभ्यासकाने घाईने बाजू घेऊ नये. गुरूचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर आहे का, गाण्याचे शब्द नाचणारीला कळतात का, कैरोतल्या कलावतीपर्यंत पैसा पोचतो का, असे साधे प्रश्न विचारले की वादाला तपशिलाचा पाया मिळतो.

उरतो तो प्रतिष्ठेचा प्रश्न, आणि इथे मराठी वाचक रिकाम्या हाताने येत नाही. कारिन व्हान न्यूकेर्क यांनी कैरोच्या लग्नसमारंभांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांवरचा ग्रंथ 1995 मध्ये प्रसिद्ध केला. या बायका आपल्या कामाला इतर धंद्यांसारखाच धंदा मानतात आणि समाज ते मानायला तयार नसतो, हा त्याचा गाभा. त्याच वर्षी शर्मिला रेगे यांचा लावणी कलावंतांवरचा निबंध आला. वरच्या जातवर्गाने लावणी उचलली आणि लावणी नाचणारी मात्र बाहेर राहिली, ही त्यातली मांडणी. महाराष्ट्रात 2005 मध्ये डान्सबारवर बंदी आली आणि ती टिकू शकत नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिला. तोवर हजारो बायकांच्या पोटावर बंदीने पाय दिला होता. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक प्रश्न धारदार होतो. ज्या हालचालीने कैरोतल्या किंवा नारायणगावच्या बाईची अब्रू पणाला लागते, तीच हालचाल शिकून परिचारिका सोमवारी कामावर निर्धास्त कशी जाते? फरक हालचालीत नाही. कुणाचे पोट नाचण्यावर अवलंबून आहे आणि कुणाला शनिवार-रविवारपुरतेच नाचायचे आहे, यात तो आहे.

म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याला सुचवावेसे वाटते, की सुरुवात कानांपासून करावी आणि तीन ठेके हाताने वाजवता येईपर्यंत पुस्तक उघडू नये. मग इतिहास वाचावा, दंतकथा बाजूला काढून. त्यानंतर एखाद्या ताफ्याबरोबर कार्यशाळेला जावे, वर्गातही बसावे आणि हिशेबाच्या वहीतही डोकावावे. नृत्यसमीक्षा, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिघांना इथे एकाच गाडीतून प्रवास करावा लागतो. लावणीचे अभ्यासक हे कसब जाणतात. तमाशाचा फड कुठे मुक्काम करतो, सुपारी कोण देतो आणि बारीवर पैसे कसे वाटले जातात, हे त्यांनी विचारले आहे. तेच प्रश्न घेऊन मराठी अभ्यासक बेली डान्सकडे आले, तर या विषयाला आजवर न मिळालेली नजर मिळेल. त्यांचे इथे मनापासून स्वागत आहे.