हॅमर टो या पादव्यंगाच्या उपचारांचा इतिहास : जोडा, कंडरा आणि लहान छेद

प्रस्तावना :

वैद्यकाच्या इतिहासात हृदय, मेंदू, महामारी आणि लस यांना मानाचे स्थान मिळाले. पायाच्या बोटांना ते क्वचितच लाभले. वास्तविक चालणे हा मनुष्याच्या श्रमाचा पाया आहे आणि चवड्याला कायमची वेदना असलेला मजूर, सैनिक वा कारकून आपल्या उपजीविकेलाच मुकण्याचा संभव असतो. हॅमर टो म्हणजे पायाचे बोट मधल्या सांध्यात वाकून हातोडीसारखे दिसणे. हे व्यंग बहुधा अंगठ्याशेजारच्या बोटास होते. वर आलेल्या सांध्यावर जोडा घासून कुरूप धरते, तर बोटाचे टोक जमिनीवर दाबले जाऊन दुखते. बोट हाताने सरळ करता येत असेल तर व्यंग लवचीक, न आल्यास ताठर, असा भेद वैद्यक करते. शस्त्रक्रिया करावी की नाही व कोणती करावी, हे पुष्कळ अंशी या भेदावर ठरते.

आज या व्यंगावर दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून होणारी शस्त्रक्रिया अगदी नवी म्हणून सांगितली जाते. यंत्रे नवी आहेत हे खरे. परंतु लहान छेदाची कल्पना जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे आणि तिचा उगम सोयीत नसून भीतीत आहे.

जोड्याचा प्रश्न :

शस्त्रक्रियेच्या आधी जोड्याचा विचार झाला. १७४१ मध्ये निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने ‘ऑर्थोपीडी’ हा शब्द घडविला, तो मुलांच्या शरीरातील व्यंगे टाळण्याच्या संदर्भात. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १७८१ मध्ये, डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेत्रुस काम्पर याने उत्तम जोडा कसा असावा यावर प्रबंध लिहिला. विषय कितीही क्षुल्लक असो, त्यावर गंभीरपणे लिहिता येते हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी त्याने हा उद्योग केला, असे सांगतात. घोडे, खेचरे व बैल यांच्या खुरांची काळजी घेणारा समाज आपल्याच पावलांकडे दुर्लक्ष करतो, ही त्याची तक्रार होती. त्या काळी बहुतेक जोडे डाव्या-उजव्या पायाचा भेद न करता एकाच कलबुतावर बनत, हे लक्षात घेतले म्हणजे या तक्रारीचे वजन कळते. थट्टेतून निघालेला हा प्रबंध पुढे युरोपात अनेक भाषांत वाचला गेला.

काम्परच्या विचाराला संस्थात्मक बळ मिळाले ते लष्करात. अमेरिकन सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन याच्या नेतृत्वाखालील मंडळाने सुमारे २,००० सैनिकांची पावले तपासली. १९१२ मध्ये त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे रुंद चवड्याचा ‘मन्सन’ फर्मा सैन्याच्या जोड्यांसाठी स्वीकारला गेला. नागरिकाच्या दुखऱ्या बोटाने जे घडले नाही, ते पलटणीच्या कूचाने घडविले. १९५८ मध्ये हाँगकाँगमधील सिम-फूक व हॉजसन यांनी जोडे घालणाऱ्या व न घालणाऱ्या चिनी लोकांच्या पावलांची तुलना केली. अंगठा बाहेर वळण्याचे व्यंग पहिल्या गटात ३३ टक्के, तर दुसऱ्यात १.९ टक्के आढळले. हा आकडा अंगठ्याचा आहे, हॅमर टोचा नव्हे. शिवाय आनुवंशिकता, पावलाची ठेवण, सांधेदुखीचे विकार व मज्जातंतूंचे आजार ही कारणेही आहेतच. तरीही जोड्याला दोषमुक्त करणे या पुराव्यानंतर कठीण झाले.

रुंद व उंच चवड्याचा जोडा, कुरुपावर गादी, शेजारच्या बोटाला बांधून ठेवणारी पट्टी व बोटांचा व्यायाम हे आजचे प्राथमिक उपचार याच परंपरेतले आहेत. त्यांनी वेदना कमी होते. ताठर झालेले बोट मात्र सरळ होत नाही.

कंडरेचा छेद :

कंडरा कापण्याचे धाडस १८१६ मध्ये माँपेलिए येथील देलपेश याने केले. वाकड्या पावलाच्या एका मुलाची टाचेमागील कंडरा त्याने कापली. परिणाम बरा आला, पण जखमेत पू झाला आणि त्याने तो प्रयोग पुन्हा केला नाही. जंतूंचे ज्ञान नसलेल्या त्या काळात उघडी जखम म्हणजे मृत्यूला दिलेले निमंत्रण होते. त्वचा न फाटता तुटलेली कंडरा मात्र शांतपणे भरून येते, हे इंग्लंडमधील जॉन हंटर याने अठराव्या शतकातच स्वतःच्या पायाच्या दुखापतीवरून व प्राण्यांवरील प्रयोगांवरून ओळखले होते.

हाच धागा १८३१ मध्ये हॅनोव्हर येथे लुई श्ट्रोमायर याने उचलला. त्वचेला सुरीच्या टोकाएवढे छिद्र पाडून आतल्या आत कंडरा कापावयाची, हवा आत शिरू द्यावयाची नाही, अशी ती पद्धती होती. १८३६ मध्ये विल्यम जॉन लिटल हा तरुण इंग्रज डॉक्टर त्याच्याकडे स्वतःचे वाकडे पाऊल घेऊन गेला व बरा होऊन परतला. त्याने ही विद्या लंडनला नेली आणि तेथे अशा रुग्णांसाठी संस्था उभारली. रुग्णच प्रचारक व्हावा, अशी उदाहरणे वैद्यकात फार नाहीत. पॅरिसमध्ये गेराँ याने हीच पद्धती इतक्या सढळ हाताने वापरली की त्याच्यावर कठोर टीका झाली. पुढे लंडनच्या विल्यम ॲडम्स याने हाताच्या आखडलेल्या बोटांवर व हॅमर टोवर त्वचेखालील छेदाचा उपचार सांगितला; त्याच्या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १८९२ मध्ये निघाली.

तोवर काळ बदलला होता. १८४६ मध्ये ईथरची भूल आली, १८६७ मध्ये लिस्टरची जंतुनाशक पद्धती प्रसिद्ध झाली, आणि मोठी जखम करणे सुरक्षित झाले. भीती संपताच लहान छिद्राचे कारणही संपले. विसाव्या शतकाच्या आरंभी सांध्याचा भाग काढणे किंवा सांधा जोडून टाकणे या शस्त्रक्रिया रूढ झाल्या. सूल याने १९१० मध्ये सांधा जोडण्याची पद्धती मांडली. बोट सरळ ठेवण्यासाठी पुढे बारीक तार वापरली जाऊ लागली. १९५१ मध्ये टेलर याने बोट वाकविणारी कंडरा वरच्या बाजूस वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती लवचीक व्यंगासाठी होती.

छिद्राकडे परत :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील पादचिकित्सकांनी लहान छिद्रातून हाड घासण्याची पद्धती पुन्हा सुरू केली. यापैकी अनेकांना रुग्णालयांची दारे खुली नव्हती. स्वतःच्या दवाखान्यात करता येईल अशी शस्त्रक्रिया ही त्यांची गरजही होती. अस्थितज्ज्ञांनी तिच्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले, आणि अपुऱ्या प्रशिक्षणातून झालेल्या गुंतागुंतींमुळे तो संशय अगदीच निराधार नव्हता. अमेरिकेतील स्टीफन आयशम व स्पेनमधील मारियानो दे प्रादो यांनी ती शिस्तीत बसविली. कमी वेगाचा फिरता कानस, चालू क्ष-किरण प्रतिमा आणि शस्त्रक्रियेनंतर बोटाला योग्य स्थितीत धरणारी काळजीपूर्वक बांधलेली पट्टी हे तिचे आधार आहेत. श्ट्रोमायर बोटाच्या स्पर्शाने पाहत होता. आजचा शल्यविशारद पडद्यावर पाहतो.

भारतातील धागा :

या इतिहासात भारताचे स्थान कुष्ठरोगामुळे आहे. घोट्याजवळील मज्जातंतू निकामी झाला की पावलातील लहान स्नायू लुळे पडतात, बोटे पंजासारखी वाकतात आणि संवेदनाही जाते. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रोग मांस खातो ही समजूत त्यांनी व सहकाऱ्यांनी खोडून काढली. न जाणवणारा दाब हे पायाच्या व्रणाचे मूळ आहे, हे त्यांनी दाखविले. म्हणून तेथे कंडरा वळविण्याच्या शस्त्रक्रियेइतकेच महत्त्व मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळव्याला मिळाले. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथे कुष्ठरुग्णांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. व्यंग सुधारल्याशिवाय समाज जवळ करत नाही, हे वास्तव या कार्यामागे होते.

१९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कारव्हिल येथे गेले आणि कुष्ठरोग्यांच्या पावलांवरून शिकलेले मधुमेहींच्या पावलांना लागू केले. मधुमेहातही संवेदना जाते, बोट वाकते, टोकावर व्रण होतो आणि वेळीच उपचार न झाल्यास बोट, कधी पाऊल कापावे लागते. मधुमेही पावलासंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूत्रांत, लवचीक व्यंगामुळे बोटाच्या टोकावर झालेल्या अशा व्रणासाठी बोट वाकविणारी कंडरा कापण्याची शिफारस आहे. हे काम दवाखान्यातल्या दवाखान्यात, कित्येकदा केवळ सुईच्या धारेने होते आणि रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. त्याच्या पायातला जोडा मात्र बदलावा लागतो.