प्रश्न उद्भवतो : पुणतांब्याचा संप आणि लेखी प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

(दीर्घ थ्रेड)

१/
१ जून २०१७. गोदाकाठचे पुणतांबा. चांगदेवांची समाधी आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक, एवढीच या गावाची बाहेरच्यांना ओळख होती. त्या दिवशी येथील शेतकरी संपावर गेले. दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवायचा नाही, असा निर्धार झाला. कुळांनी केलेला चरीचा संप इतिहासाच्या अभ्यासकांच्या स्मरणात होता. नव्या पिढीला मात्र ‘शेतकऱ्यांचा संप’ हे शब्दच नवे होते.

२/
गावच्या ग्रामसभेत ठरावाने सुरू झालेली ही हालचाल पाहता पाहता राज्यभर पसरली. २४ जून २०१७ रोजी राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ, ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ आणि ३४,०२२ कोटी रुपयांचा भार, असे तिचे घोषित स्वरूप होते.

३/
घोषणा झाली की जल्लोष होतो. कारभार मात्र तेथून पुढे सुरू होतो. कोण पात्र, कोण अपात्र, रक्कम कोणत्या खात्यात, विलंब कोणाचा? हे हिशेब रस्त्यावरच्या घोषणेतून मिळत नाहीत. त्यासाठी लोकशाहीत एक शांत आणि रूक्ष दिसणारे साधन आहे: सभागृहात विचारलेला लेखी प्रश्न. हा थ्रेड त्या साधनाचा आहे.

४/
आरंभ लंडनमध्ये, १७२१ साली. साउथ सी कंपनीचा फुगा फुटला होता आणि तिचा रोखपाल रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला होता. तो ब्रसेल्समध्ये पकडला गेल्याची वार्ता खरी आहे काय, असे अर्ल काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात सरकारला विचारले. संसदीय प्रश्नाचे हे पहिले ज्ञात उदाहरण मानतात. विषय आर्थिक घोटाळ्याचा आणि वळण ‘हे खरे आहे काय?’ असे. हे दोन्ही पुढेही भेटणार आहेत.

५/
हिंदुस्थानात १८५३ च्या सनदी कायद्याने स्थापन झालेले विधिमंडळ सरकारला प्रश्न विचारू लागले. राज्यकर्त्यांना ते रुचले नाही. १८६१ च्या कायद्याने कौन्सिलांचे काम निव्वळ कायदे करण्यापुरते मर्यादित झाले. सभासदाने विधेयकावर बोलावे. कारभाराची चौकशी करू नये.

६/
१८९२ च्या कायद्याने हा दरवाजा किलकिला झाला. प्रश्न विचारता येई, पण अटींवर. सहा दिवस आधी लेखी सूचना हवी. प्रश्नात केवळ माहिती मागावी. युक्तिवाद, तर्क किंवा आरोप नको. अध्यक्षाला वाटल्यास प्रश्न नाकारता येई. उत्तर मिळाल्यावर त्यावर चर्चा नाही आणि उपप्रश्नही नाही.

७/
या अटींखाली वरिष्ठ कौन्सिलात पहिला प्रश्न आला तो १६ फेब्रुवारी १८९३ रोजी, भिंग्याच्या राजांकडून. विषय होता दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना खेड्यातील दुकानदारांना होणाऱ्या जाचाचा. आपल्याकडे याला ‘साहेबाची सरबराई’ म्हणत. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेतला पहिला प्रश्न गावच्या दुकानातून निघाला होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

८/
मुंबई कौन्सिलात १८९५ साली मध्य विभागातील स्थानिक मंडळांनी लोकमान्य टिळकांना निवडून पाठवले. नगर जिल्हा याच मध्य विभागात मोडे. लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ आला. दुष्काळासाठी सरकारचीच संहिता होती आणि सारा तहकूब वा माफ करण्याची तरतूदही होती. रयतेला मात्र तिचा पत्ता नव्हता.

९/
टिळकांच्या प्रभावाखालील पुण्याच्या सार्वजनिक सभेने ही कलमे मराठीत गावोगाव पोहोचवली. सरकारचा नियम सरकारलाच दाखवणे, एवढाच हा कार्यक्रम होता. १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. माहिती मागणारा आणि माहिती वाटणारा, दोघेही सत्तेला सारखेच गैरसोयीचे असतात, हे तेव्हाच दिसून आले.

१०/
त्याच वर्षी लेखी प्रश्नाची दुखरी बाजूही उघडी पडली. पुण्यातील प्लेग बंदोबस्तात सोजिरांनी केलेल्या अत्याचारांविषयी गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडमध्ये वाच्यता केली. कॉमन्स सभागृहात विषय निघाला. भारतमंत्री हॅमिल्टन यांनी मुंबई सरकारकडे विचारणा केली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारले आणि तेच सभागृहाला सांगण्यात आले.

११/
गोखल्यांना ज्यांनी पत्रांतून माहिती कळवली होती, त्यांपैकी कोणी पुढे येण्यास धजेना. पुराव्याअभावी गोखल्यांना माफी मागावी लागली. येथे यंत्रणेचा मूळ दोष दिसतो: ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याने उत्तर लिहायचे. प्रश्नकर्त्याच्या हाती स्वतंत्र माहिती नसेल, तर उत्तर हाच निकाल ठरतो.

१२/
यावर उतारा हळूहळू सापडला. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार दिला. १९१९ च्या सुधारणांनंतर तो सर्व सभासदांना मिळाला. तोंडी उत्तर हवे असलेल्या प्रश्नावर तारा छापण्याची पद्धतही त्याच काळातली. म्हणून तो ‘तारांकित’. ज्याचे उत्तर केवळ लेखी मिळते, तो ‘अतारांकित’.

१३/
तारांकित प्रश्नाला नाट्य असते: मंत्री उभे राहतात, उपप्रश्न होतात, सभागृह तापते. अतारांकित प्रश्न निमूटपणे पटलावर ठेवला जातो. पण लोकसभेत एका दिवसाच्या यादीत तारांकित २० आणि अतारांकित २३० पर्यंत असतात. खात्यांकडून आकडे काढण्याचे बहुतांश काम या बिनताऱ्याच्या प्रश्नांनी केले आहे.

१४/
हत्यार धारदार असले की त्याचा बाजारही होतो. १९५१ साली हंगामी संसदेचे मुंबईचे सभासद एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला. चौकशी समितीने दोषी धरले. हकालपट्टीचा निर्णय होत असतानाच त्यांनी राजीनामा दिला. समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी.

१५/
हे नाव सहाच वर्षांनी परत येते. सप्टेंबर १९५७ मध्ये राम सुभग सिंह यांनी लोकसभेत विचारले: आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या उद्योगात मोठी रक्कम गुंतवली, हे खरे आहे काय? उत्तर गोलमोल आले. तेवढ्याने संशय बळावला. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी कागदपत्रांसह उभे राहिले.

१६/
मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली. ऐकायला लोकांनी एवढी गर्दी केली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. ते अर्थमंत्री म्हणजेच कृष्णम्माचारी. प्रश्नाच्या गैरवापराची चौकशी करणाऱ्याला प्रश्नाच्याच योग्य वापराने पायउतार केले.

१७/
मुंदडा प्रकरणात निर्णायक ठरले ते पहिल्या उत्तराकडे परत जाणे. ही सवय संस्थेच्या रूपात आणली ग. वा. मावळंकरांनी. १९३७ पासून मुंबई विधानसभेचे आणि पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले हे मराठी गृहस्थ. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘विचार करू’ अशी उत्तरे देऊन मंत्री मोकळे होतात, हे त्यांनी पाहिले होते.

१८/
१९५३ च्या डिसेंबरात त्यांनी लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती नेमली. मंत्र्याच्या उत्तरातील आश्वासन टिपायचे, ते ठरल्या मुदतीत (सामान्यतः तीन महिने) पुरे झाले की नाही ते पाहायचे, न झाल्यास खात्याला कारण विचारायचे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. उत्तराला आठवण ठेवणारा कोणी असेल, तरच प्रश्नाला अर्थ असतो.

१९/
आता महाराष्ट्राच्या छापील प्रश्नोत्तरांची यादी उघडावी. तिची भाषा साच्यातली आहे. ‘(१) अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) चौकशीनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

२०/
हा साचा म्हणजे एक सापळा आहे. पहिला भाग वस्तुस्थिती कबूल करून घेतो, दुसरा व तिसरा जबाबदारी विचारतो, चौथा पळवाट बुजवतो. खात्यांचीही प्रत्युत्तरे ठरलेली: ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि सर्वांत लाडके ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटले की पुढचे सगळे भाग आपोआप निकालात निघतात.

२१/
सप्टेंबर २०२०. कोविडमुळे संसदेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला. लेखी प्रश्न तेवढे चालू राहिले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले, असे विचारले गेले. श्रम मंत्रालयाने कळवले की अशी माहिती ठेवलेली नाही. त्यामुळे भरपाईचा प्रश्नही उद्भवत नव्हता. हे उत्तरच देशभर बातमी झाले. राज्यसंस्थेने काय मोजले नाही, याची ती सहीनिशी कबुली होती.

२२/
पुणतांब्याच्या संपानंतर दोन वर्षांनी, जून २०१९ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेत एक लेखी उत्तर आले. २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ६,८८८ प्रकरणे शासकीय मदतीस पात्र ठरली आणि ६,८४५ कुटुंबांना एक लाख रुपये मिळाले. उत्तर देणारे मंत्री होते सुभाष देशमुख.

२३/
बहुतेक मथळे पहिल्या आकड्यावर थांबले. दुसरा आकडा अधिक सांगतो. १२,०२१ मधून ६,८८८ वजा केल्यास ५,१३३ उरतात: पात्रतेच्या यादीबाहेरची घरे. नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा या कसोट्यांवर मृत्यूची छाननी होते. त्या चाळणीचा आकार त्या कोरड्या उत्तरातून आकड्यात दिसला. संपाने सरकारला नमवले होते; या उत्तराने सरकारकडून आकडे लिहून घेतले.

२४/
या उत्तरामुळे त्या घरांत काही परत आले, असे म्हणणे खोटे ठरेल. लेखी प्रश्न न्याय देत नाही. तो एक तारीखवार, सहीचा दाखला निर्माण करतो, आणि तो दाखला पुढच्या प्रश्नाचा पाया होतो. ‘५,१३३ पैकी किती अपात्र, किती प्रलंबित, कोणत्या कारणाने?’ हा प्रश्न पहिल्या उत्तराशिवाय विचारताच आला नसता.

२५/
हा हक्क सभागृहाबाहेर नेण्यात नगर जिल्ह्याचाही वाटा आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर महाराष्ट्राला २००२ चा माहिती अधिकार कायदा मिळाला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक परंतुक आले: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. आमदाराचा प्रश्न आणि गावकऱ्याचा अर्ज एका मापात आले. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र ते परंतुक गाळण्याची तरतूद झाली.

२६/
जून २०२२ मध्ये पुणतांब्याचे शेतकरी पुन्हा धरणे धरून बसले. पाच वर्षांत दोन सरकारे आणि दोन कर्जमाफी योजना येऊन गेल्या होत्या. मागण्यांची यादी पुन्हा लिहावी लागली. गावाने आपले काम दोनदा केले. प्रत्येक आश्वासनामागे ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ लावून ते पुन्हा विचारणे, हे त्यानंतरचे काम. ते सभागृहाचे, आणि उत्तरे शेवटच्या उपभागापर्यंत वाचणाऱ्या प्रत्येकाचे आहे.

(समाप्त)