नाणेघाटात भाता चालू आहे

आधी भात्याचा आवाज येतो, मग कोळशाचा वास. घाटघरच्या पठाराच्या कडेला तुम्ही उभे आहात, पण दोन हजार वर्षं मागे. इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक, राज्य सातवाहनांचं. नानाचा अंगठा हा कडा तेवढा ओळखीचा. त्याचं हे नाव मात्र अजून कुणाला ठाऊक नाही. घाटाच्या नळीतून तांडा वर येतोय. माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून निघालाय, जुन्नरवरून पुढे पैठणला जाईल. जनावरांच्या तोंडाला फेस आलाय. बाजूला व्हा, त्यांना थांबायला जागा नाही.

छिन्नीचा आवाज उजवीकडच्या गुहेतून येतोय. लेणं वरून खाली कोरतात, छत आधी आणि जमीन शेवटी, म्हणजे परांचीची गरज पडत नाही. आत शिरा. भिंतीशी बसलेला पाथरवट तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. एका हातात छिन्नी, दुसऱ्या हातात हातोडा. घाव पडला की कपचीभर दगड उडतो, त्याहून जास्त नाही. हा सह्याद्रीचा काळा पाषाण आहे, थिजलेला लाव्हा. जांभ्यासारखा तो ऐकत नाही.

थोड्याच वेळात छिन्नीचं टोक बोथट होतं. ती तो मागे टाकतो, एक पोरगा उचलतो आणि बाहेर पळतो. त्याच्या मागे जा, कारण खरं काम तिथे आहे. लोहार छिन्नी निखाऱ्यात खुपसतो, लाल झाली की ऐरणीवर ठोकून शेवटतो आणि पाण्यात बुडवतो. चर्रर्र! पाणी कमी बसलं तर टोक वाकेल, जास्त बसलं तर तुटेल. लोहार रंग बघून ठरवतो, विचाराल तर सांगणार नाही. शिवाय त्याची प्राकृत तुम्हाला कळणारही नाही.

लोखंड या मुलखाला नवं नाही. नागपूरजवळ नाईकुंडला शिळावर्तुळं उभारणाऱ्यांनी याच्या काही शतकं आधी ते गाळलं होतं; डेक्कन कॉलेजच्या उत्खननात त्यांची भट्टीच सापडली. घाटमाथ्यावर महाबळेश्वरकडे धावड समाजाच्या लोकांनी जांभ्यातलं लोखंड अगदी एकोणिसाव्या शतकापर्यंत काढलं. इंग्रजांनी जंगलं राखली, लाकूड-कोळसा महागला आणि त्या भट्ट्या विझल्या.

पुन्हा आत या. मागच्या भिंतीवर आता राजघराण्याचे पुतळे उभे राहतायत: सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, कुमार. तुमच्या काळात त्यांच्या पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावं तेवढी उरतील. बाजूच्या भिंतींवर राणीचा ब्राह्मीतला लांबलचक लेख. अश्वमेध, राजसूय, दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारांच्या घरातल्या गायी, कार्षापणांचे आकडे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स इथे येईल, पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर हा लेख वाचतील, आणि अंकांच्या इतिहासात या भिंतीचं नाव लागेल.

हिशेब मोठा चोख आहे. गायी मोजल्या, घोडे मोजले. जेवढा मजकूर शिल्लक आहे त्यात छिन्नी मात्र एकही नाही, पाथरवट नाही, लोहार नाही. राणीला दोष देण्यात अर्थ नाही. दान लिहायचं होतं, मजुरी नव्हे. जवळच जुन्नरच्या लेण्यांमध्ये पुढे कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणींची नावं कोरली गेली, तीसुद्धा दानाच्या निमित्तानेच.

आता परत या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, गर्दी रांजणापाशी आणि धबधब्यापाशी. तुम्ही गुहेत थांबा, मोबाइलचा टॉर्च भिंतीवर तिरपा धरा. अक्षरांच्या आजूबाजूला छिन्नीचे तिरकस घाव उठून दिसतील. आणि कृपा करून त्यांच्यावर स्वतःचं नाव कोरू नका. तशी नावं तिथे आधीच पुष्कळ झाली आहेत.