फॉरमॅट मारणे

फॉरमॅट मारणे : लॅपटॉपवरची ऑपरेटिंग सिस्टिम पुसून ती नव्याने बसवणे. ‘विंडोज मारणे’, ‘विंडोज टाकणे’ असेही म्हणतात. नेमक्या अर्थाने फॉरमॅट म्हणजे डिस्कच्या एका भागावर फायलींची कोरी नोंदवही उघडणे, एवढेच. बोलण्यात मात्र डेटा काढून घेण्यापासून आवाज, वायफाय, टचपॅड यांचे ड्रायव्हर टाकण्यापर्यंत सगळे त्यात येते. ‘सारखा अडकतोय, फॉरमॅट मारून द्या,’ असे सांगून गिऱ्हाईक लॅपटॉप काउंटरवर ठेवते तेव्हा त्याने रोग सांगण्याआधी औषधच सांगितलेले असते.

अशा तक्रारीमागे पुष्कळदा एखादाच ड्रायव्हर असतो. यंत्राच्या एका भागाशी कसे बोलायचे हे विंडोजला सांगणारा तो छोटा प्रोग्राम. त्यातले बरेचसे सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतात. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. गाभ्यातला ड्रायव्हर चुकला तर पडदा निळा होतो. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या, ड्रायव्हरच्या पातळीवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला एक सदोष फाइल मिळाली आणि जगभरात सुमारे 85 लाख संगणक कोसळले. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. त्यावरचा मुख्य उपाय सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी एक फाइल काढून टाकणे हा होता. त्यासाठी विंडोज नव्याने बसवण्याची गरज नव्हती.

मिरजेच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तानपुऱ्याचा झंकार बसला म्हणून कारागीर भोपळा बदलत नाही. तो घोडीची जवारी काढतो, म्हणजे तारा टेकतात तो घोडीचा माथा घासून नीट करतो.

लॅपटॉपची जवारी काढण्याची जागा म्हणजे विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर. पिवळ्या त्रिकोणातले उद्गारचिन्ह ज्या नावापुढे दिसेल तो संशयित. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने आधीची आवृत्ती परत येते. नाव ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातला पहिला आकडा उत्पादकाचा असतो : 8086 म्हणजे इंटेल, 10ईसी म्हणजे रिअलटेक. (इंटेलने 1978 मधल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच क्रमांक इथे घेतला आहे.) मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे फुकटचे प्रोग्राम टाळलेलेच बरे. चुकीचा ड्रायव्हर पुष्कळदा तेच आणतात.

एवढ्याने भागले नाही, तरच फॉरमॅट. किमान 8 जीबीचा पेन ड्राइव्ह बूटेबल करून घेतात. इथे ड्रायव्हर पुन्हा आडवा येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही आणि एसएसडी गेली असे वाटते. ती गेलेली नसते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’मधून दिला की दिसू लागते. विंडोज 11 पुढे इंटरनेट मागते आणि वायफायचा ड्रायव्हर तर अजून टाकायचा असतो. अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केले की काम होते. नव्या लॅपटॉपची डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची 48 आकडी चावी आधी मिळवून ठेवावी. तिच्यावाचून आतला डेटा उघडत नाही, मग कारागीर कितीही हुशार असो.

मराठीत काम करणाऱ्याचे नुकसान निराळेच. लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या फायली पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये असतात. त्यांतल्या युनिकोडपूर्व फाँटांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली. फॉरमॅटमध्ये फाँट गेला की पत्रिकेवर नवरा-नवरीच्या नावांऐवजी चिन्हांचा कचरा उरतो. मजकूर शाबूत असतो, वाचता मात्र येत नाही. हार्डवेअर लॉक लावून चालणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या लॉकचा, आणि कर सल्लागाराच्या डिजिटल सिग्नेचर टोकनला त्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो.

विंडोज एक्सपीच्या काळी युनिकोड मराठीचीही हीच गत होती. जोडाक्षरी लिप्यांचा पर्याय सीडीवरून मुद्दाम चालू करावा लागे. तो चालू करायचा राहिला, तर ‘मिरज’मधली वेलांटी ‘म’च्या आधी न येता ‘र’ला चिकटून येई. आता ती आपोआप जागेवर बसते.

फॉरमॅटनंतर डेटा परत मिळतो ही समजूत फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातली. त्या डिस्कवर झटपट फॉरमॅटने फक्त नोंदवही कोरी होई, खालचा मजकूर तसाच राही. एसएसडीमध्ये ‘ट्रिम’ या आज्ञेने रिकामे ठरलेले कप्पे प्रत्यक्षात पुसले जातात, त्यामुळे परत मिळण्याची आशा फारच कमी. सी ड्राइव्ह न पुसता विंडोज पुन्हा बसवले, तर जुन्या फायली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकतात. ते फोल्डरही सहसा 10 दिवसांनी आपोआप नाहीसे होते.