सुरतेची पहिली दुर्बीण आणि आमची निवड

तापीच्या उत्तरेकडील आमच्या कोसाडात गुजराती शेजारी ‘दूरबीन’ म्हणतात, आम्ही ‘दुर्बीण’. शब्दाचे भांडण नाही. पण शाळेसाठी कोणती घ्यावी, यावर आमच्या शिक्षकांत दोन पक्ष पडले आहेत. तरुणांना ‘स्मार्ट’ दुर्बीण हवी. मोबाइलवर नाव निवडले की ती आपणच नेमकी तिथे वळते आणि चित्रावर चित्र रचून अंधूक तेजोमेघही पडद्यावर उमटवते. जुन्यांना हाताने फिरवायची, डोळा लावून पाहायची आरशाची दुर्बीण हवी. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. म्हणून मागे वळून पाहिले.

भारतात दुर्बिणीने घेतलेला पहिला ज्ञात खगोलवेध सुरतेचाच आहे. ३ नोव्हेंबर १६५१ रोजी जेरेमाया शेकर्ली या इंग्रजाने येथून सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला. त्या वेळी इंग्लंडात रात्र असेल, हे त्याने आधीच गणिताने काढले होते. म्हणजे गणित आणि डोळा यांचे वैर तेव्हाही नव्हते.

पुढे सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर येथे वेधशाळा बांधल्या. त्याच्याजवळ दुर्बिणी होत्या, तरी मोजमापासाठी त्याने दगडी यंत्रेच उभारली. पोर्तुगालहून आणविलेली युरोपीय कोष्टके त्याने स्वतःच्या वेधांशी ताडली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली. जवळजवळ पूर्णचंद्राच्या रुंदीएवढी! स्वतःचे वेध होते म्हणूनच त्याला छापील आकड्यांची परीक्षा करता आली. मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्रीनिचला फ्लॅमस्टीडने मोजयंत्रांनाच दुर्बीण जोडून कितीतरी सूक्ष्म वेध घेतले होते. नवे साधन दूर ठेवण्याचीही किंमत पडते.

म्हणून माझे मत असे. सुरतेच्या दिव्यांच्या झगमगाटात तेजोमेघ दाखवायला, एका पडद्यावर सारा वर्ग गुंतवायला स्मार्ट दुर्बीण उत्तम. ती यथावकाश जरूर घ्यावी. पहिली मात्र हाताची. चंद्राची विवरे, शनीचे कडे ती झकास दाखवते. आणि तारा शोधताना दोनदा चुकलेले मूल दिशा, नक्षत्रे, पृथ्वीचे फिरणे कायमचे शिकते. ज्याला आकाश ओळखता येते, तोच पुढे यंत्राचे उत्तर तपासू शकेल.

१३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बुध पुन्हा सूर्यबिंबावरून जाईल, आणि तो सुरतेतून दिसेल. दुर्बिणीच्या तोंडावर सौरगाळणी लावून आमच्या मुलांनी तो स्वतः शोधावा. शेकर्लीच्या गावात एवढी अपेक्षा गैर नव्हे.